उत्तरेकडे जाणारी गाडी

हल्लीच्या गाड्यांना मागून चेहराच नसतो. हे माझं मत मी आमच्या निम्म्या रॉयल ओक गावाला ऐकवून झालंय. मागे एक लाल पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, की झालं काम. कुणी बनवली, कुठल्या साली बनवली, काही कळायला मार्ग नाही. एकोणसाठची कॅडिलॅक घ्या. ते उभे पंख, त्यांत बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. जरा अतीच होतं ते, नवरीपेक्षा नवरीच्या आईनेच नटून यावं तसं. पण ओळखायला चूक होणार नाही. मस्टँगने अजून मागच्या तीन उभ्या पट्ट्या ठेवल्यात, तेवढीच काय ती अब्रू राहिली.

मी हे उगाच बोलत नाही. माझा सगळा जन्म गाड्यांचे मातीचे नमुने घडवण्यात गेला. कागदावर चित्र काढणारे वेगळे. त्या चित्राची खऱ्या मापाची मातीची गाडी करायची, ते आमचं काम. बोनेटपासून मागच्या चाकापर्यंत एक रेषा जाते, ती कुठे वाकते आणि कुठे मरते, हे मला डोळे मिटून हाताने कळतं. माझं नाव कॅसिमिर, पण सगळे कॅझ म्हणतात. म्हणायचे.

उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. आम्ही चौघं गाद्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानासमोर बसायचो. समोर उत्तरेकडे जाणाऱ्या चार लेन, मध्ये गवताचा रुंद पट्टा, पलीकडे दक्षिणेकडे येणाऱ्या चार. लोक जुन्या गाड्या काढतात, वर जातात, गवतातल्या वळणावरून फिरून पलीकडून खाली येतात, पुन्हा वर जातात. पोहोचायचं कुठेच नसतं कुणाला. नुसतं मिरवायचं. सूर्य आमच्या समोर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी रंग दिसत नाहीत, फक्त आकार दिसतात.

आमचा खेळ साधा होता. गाडी सिग्नलला पोहोचायच्या आत साल आणि मॉडेल सांगायचं. हरेल त्याने सगळ्यांसाठी कोनी आणायचे, म्हणजे पावात सॉसेज आणि वर खिम्याचा रस्सा. लॉयड शाळेत इतिहास शिकवायचा, त्याला सालं पाठ. अर्वो फिनिश घरातला, वर उत्तरेतल्या तांब्याच्या खाणींकडचा, नळजोडणीचं काम केलेला; दिवसभरात चार शब्द बोलेल, त्यातले तीन गाड्यांची नावं. आणि वेंडेल. वेंडेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि उरलेला वेळ माझ्याशी भांडायचा. माझी बायको आयरीन गेल्यापासून माझ्यावर आवाज चढवणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

या उन्हाळ्यापर्यंत मी कधी हरलो नव्हतो. खोटं वाटत असेल तर... असो, आता विचारणार कुणाला?

ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा जून होता. इंजिनाचा आवाज नाही. विजेच्या गाड्यांची असते तशी बारीक गुणगुणही नाही. मी बाजूची रेषा पाहिली आणि माझी जीभ अडली. ती रेषा दारापाशी एका गाडीची सुरू होत होती आणि मागच्या चाकाशी पोहोचेपर्यंत दुसऱ्याच गाडीची होऊन जात होती. मागचे दिवे गोल होते की उभे, एक होता की दोन, माझ्या डोळ्यांत काही थांबेना.

"पॅकार्ड!" लॉयड खुर्चीतून अर्धा उठला. "पंचावन्नची. माझ्या आजोबांची होती अशी. अगदी अशीच रे!"

"पॅकार्ड?" मी म्हटलं. "पॅकार्डचे दिवे असे असतात?"

"अगं बाई, कॅझ हरला!" वेंडेल टाळ्या पिटत बायकी आवाजात म्हणाला. त्याने काय पाहिलं ते मी विचारलं नाही. गाडी जात होती तेव्हा तो खाली वाकून शीतपेटीतून बाटली काढत होता.

गाडी गेल्यावर वास राहिला. जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या तापल्या की धूळ जळल्याचा येतो, तसा. मी पलीकडच्या लेनकडे बघत बसलो, कारण वर गेलेली गाडी फिरून येतेच. बघून घेतो म्हटलं एकदा नीट. ती आली नाही.

लॉयड त्याच आठवड्यात झोपेत गेला. हृदय. आमच्या वयाला यात नवल काही नसतं.

जुलैमध्ये ती पुन्हा आली. तेच, आवाज नाही, रेषा थाऱ्यावर नाही. अर्वो बराच वेळ बघत राहिला आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "हडसन," तो म्हणाला. "एकोणपन्नास. काकांची." आणि बाटलीतलं प्यायला लागला. मला काही हडसन दिसली नाही. या खेपेलाही वेंडेल तिथे नव्हता, कोनी आणायला रस्त्यापलीकडे गेला होता.

अर्वोच्या अंत्यविधीहून परत येताना मी वेंडेलला सगळं सांगितलं. त्याच्याच गाडीत होतो. नवी गाडी, समोर टीव्हीएवढा पडदा, आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडलेला. त्यापेक्षा खोटे दात बरे.

"म्हणजे तुझं म्हणणं काय?" वेंडेल म्हणाला. "गाडी ओळखली की माणूस मरतो?"

"माझं म्हणणं काहीच नाही. मी फक्त झालं ते सांगतोय."

"पंचाहत्तरी उलटलेले म्हातारे मेले, कॅझ. त्यांना पॅकार्ड लागत नाही मरायला."

"मग दोघांना दोन गाड्या कशा दिसल्या? आणि मला एकही का नाही?"

त्याने हात लांबवून स्पीकर बंद केला. वेंडेलने भांडण अर्ध्यावर सोडलं की मला धडकी भरते.

"आपण जाणं बंद करू," मी म्हटलं.

"आणि शनिवारी काय करू? डबा फोडून टोमॅटोचं सूप पिऊ आणि भिंतीशी बोलू? लोरेटाला जाऊन सात वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मी माणसासारखा हसतो, आणि तेही तू बंद करणार?"

लोरेटा त्याची बायको. माझ्याही घरी सूपच होतं. शेवटी ठरलं की जायचं, पण ती गाडी आली तर नाव घ्यायचं नाही. काही दिसो, तोंड मिटून बसायचं. "जमेल ना?" मी विचारलं. "चर्चमध्ये इतकी प्रवचनं गप्प बसून ऐकली मी," तो म्हणाला, "एक गाडी नाही का जाऊ देणार?"

खरं सांगायचं तर गाडीवेड्या माणसाला ते जमत नाही. शिंक आवरेल, नाव आवरत नाही. मला ते माहीत होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं की गाडी आली की आपण बोलत सुटायचं. वेंडेलला भांडायला लावायचं. भांडणात गुंतला की त्याला दुसरं काही सुचत नाही.

ऑगस्टमध्ये, रस्ता सगळ्यात भरलेला असतो त्या शनिवारी, ती आली. आधी रस्त्यावरचा सगळा आवाज गेला. मग ती दिसली.

वेंडेलने खुर्चीचा दांडा धरला. त्याची मान गाडीबरोबर वळायला लागली.

"मी तुला सांगतो वेंडेल," मी मोठ्याने सुरू केलं, "विजेवरचा पिकअप ही या देशाने बनवलेली सगळ्यात उत्तम गोष्ट आहे."

"काहीतरीच," तो म्हणाला. डोळे तिकडेच.

"तुमची ती त्रेसष्टची कॉर्व्हेट. मागच्या काचेच्या मधोमध पट्टी! मागचं दिसायला नको का माणसाला? पुढच्याच वर्षी काढली त्यांनी, शहाणपण सुचलं."

"कॅझ, ती पट्टी म्हणजे त्या गाडीचा कणा होता. तूच म्हणायचास."

"बदललं मत. बदलू नये का?"

"मूर्ख आहेस." पण तो माझ्याकडे वळला होता. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या. गाडी आमच्या समोरून सरकत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. आणखी थोडंच. सिग्नल हिरवा होता.

"आणि त्या काळच्या लहान गाड्या," मी रेटून म्हटलं, "नुसते पत्र्याचे डबे. बिस्किटाच्या डब्याला चाकं लावल्यासारखे. तो गिअरचा दांडा तर असा, पळीसारखा हलणारा..."

"कुठला दांडा?" वेंडेल उसळला. त्याने बोट रस्त्याकडे केलं. "डोळे फुटले का तुझे? बटणं आहेत ती, बटणं! डाव्या हाताला! चौसष्टची व्हॅलियंट आहे ती, लोरेटाची..."

तो थांबला. बोट तसंच हवेत.

"अरेच्चा," तो म्हणाला.

तळलेल्या कांद्याचा, पेट्रोलचा, गवताचा सगळा वास निघून गेला होता. फक्त ती तापलेली धूळ.

"तसं काही होत नसतं," मी म्हटलं.

"नाही ना," वेंडेल म्हणाला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "छान दिसत होती, कॅझ. धुऊन पुसून आणल्यासारखी."

मंगळवारी त्याच्या मुलीचा फोन आला.

सप्टेंबरमध्ये मी एकटाच गेलो. आता भ्यायचं कशाला, आणि कुणासाठी? शेजारी एक जोडपं आपल्या विजेवरच्या बिनआवाजी गाडीत काचा लावून बसलं होतं. त्यांच्याशी बोलावंसं वाटलं, पण काय बोलणार. रस्ता रिकामा व्हायला लागला होता. थंडी सुरू झाली की लोक जुन्या गाड्या झाकून ठेवतात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पत्रा खाऊ नये म्हणून.

ती आली.

मी उभा राहिलो. मला नाव घ्यायचं होतं. सरळच सांगतो, मला जायचं होतं. वडिलांची गाडी म्हणून पाहिलं. आयरीनला फिरवली ती गाडी म्हणून पाहिलं. काही जुळेना. मग मी आठवेल ते नाव घेत सुटलो. स्टुडबेकर, पन्नास. इम्पाला, अठ्ठावन्न. रॅम्बलर. थंडरबर्ड. टोरोनाडो. शिवाय मी हाताने घडवलेली एकूण एक गाडी. ओरडून सांगत होतो.

तिचा वेग कमी झाला.

ती माझ्यासमोर थांबली. मागचे दिवे अजून एक होते की दोन, कळत नव्हतं.

जवळची काच खाली यायला लागली. आतून कुणीतरी हाताने दांडी फिरवत होतं.

वेंडेल होता. मागच्या सीटवर लॉयड आणि अर्वो. चालवणारा मला दिसला नाही. ते कशावरून तरी हसत होते, आणि हसू अजून त्यांच्या तोंडावर होतं.

"वेंडेल," मी म्हटलं. "मी रे."

वेंडेलने मान तिरकी केली आणि डोळे बारीक केले. माझ्या बुटांपासून टोपीपर्यंत नीट पाहिलं. घाई केली नाही त्याने. मागून लॉयडने काहीतरी विचारलं.

"नाही बुवा," वेंडेल आत वळून म्हणाला. "नाही ओळखता येत."

त्याने काच वर घ्यायला सुरुवात केली, थांबत थांबत, शेवटपर्यंत.