मागच्या सीटवरचं वजन

खोटं वाटत असेल तर वाचू नका. पण हे घडलंय. माझ्या मावसभावाच्या बाबतीत, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, उघड्या गॅरेजमध्ये. अंधारबिंधार काही नव्हता.

वहिनी नर्स. मेट्रनने शेवटची ताकीद दिलेली, आणखी एक उशीर झाला की घरी बसा. म्हणून भावाने मोटरसायकल घेतली. अपघातात चेपलेली, विमा कंपनीने मोडीत काढलेली, कुणीतरी दुरुस्त करून विकायला ठेवलेली.

"फक्त पुढचा भाग गेला होता," विकणारा म्हणाला. "मागच्या सीटला ओरखडासुद्धा नाही."

मागे कोण बसलं होतं, हे आमच्या शहाण्याने विचारलंच नाही.

पहिल्या दिवसापासून गाडी मागून दबलेली. वहिनी बसली की मडगार्ड चाकाला घासायचं. तीन गॅरेजं झाली. नवे शॉकअप घातले, स्प्रिंगा बदलल्या. पुन्हा तेच! वर प्रत्येक मिस्त्री भावालाच अक्कल शिकवणार.

चौथ्या मिस्त्रीने मडगार्डपासून जमिनीपर्यंत मोजायची टेप लावली.

"बसा."

भाऊ बसला. गाडी आणखी दबली.

"आता उतरा."

मिस्त्री खाली वाकून टेपकडेच बघत होता...

"अहो, उतरा की!"

"उतरलोय."

मिस्त्रीने मान वर केली...

सीट रिकामी. गाडी तेवढीच दबलेली.

त्याने गुपचूप टेप गुंडाळली. "घेऊन जा. पुन्हा आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घाईघाईने बाहेर आली. सीटला हात लावला... आणि झटकन काढला.

"कोण बसलं होतं इथे?"

"कोण बसणार? चल, उशीर होतोय."

"गरम आहे हो... मी जाते बसने."

ती निघाली आणि भावाचं डोकं फिरलं. महिनाभराची चीड एकदम बाहेर पडली. त्याने गाडीला लाथ घातली.

"उतर! उतर खाली! माझ्या बायकोची नोकरी खाणार का तू?"

टक्क...

गाडी मागून चार बोटं वर आली.

भावाला हसूच फुटलं. किक मारून तो वहिनीच्या मागे सुटला.

ती अजून कोपऱ्यावरच होती. एरवी धावत बस गाठणारी बाई... कमरेत वाकून एकेक पाऊल ओढत होती. बस समोरून निघून गेली.

"काय झालं गं?"

"पायच उचलत नाहीत हो..."

नोकरी गेली. डॉक्टरांना काही सापडत नाही. वहिनी जिन्यात दर चार पायऱ्यांना थांबते.

आणि भाऊ रोज सकाळी त्या गाडीमागे वाकून बघतो. आज तरी ती पुन्हा दबलेली असावी म्हणून...

नसते.