शुक्रवारचा गोंगाट

शेअर रिक्षात शेजारी कोण बसलंय हे न बघता तोंड सोडायची माझी जुनी खोड. भिवंडीत पाऊस कंटाळवाणा पडत होता, कामतघरच्या रस्त्यावर नुसता चिखल, आणि रिक्षावाले लडकूकाका विचारत होते, "रेडिओ लावू काय गं, रुचिका?"

"लावा, पण तो शुक्रवारवाला नको! आठवडाभर कापडाच्या लूमच्या खडखडाटाने कान किटतात. शुक्रवारी कुठे लूम बंद, तर हा बाबा नेमका त्याच दिवशी गिटार बडवत बसतो. रॉक म्हणे! दुश्मन आहे आपल्या कानांचा."

शेजारचा मुलगा बाहेर बघत होता. हळूच म्हणाला, "अजून काय काय आहे तो?"

आवाज ओळखीचा वाटला... फारच ओळखीचा. दर शुक्रवारी रेडिओवर ऐकलेला.

"सार्थक," तो हसला. "पण दुश्मन म्हटलंस तरी चालेल."

पुढच्या शुक्रवारी, टेमघरच्या त्या छोट्याशा इंटरनेट रेडिओवर तोच आवाज म्हणाला, "आजचं पहिलं गाणं जरा हळू... रिक्षातल्या दोन नाजूक कानांसाठी." मी चोरट्यासारखं बाबांकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. आयुष्यभर लूम चालवून त्यांचे कान गेलेत. लूमच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. आमच्या गल्लीत शेंबडी पोरंही ते शिकतात. आई गेल्यापासून आमच्या घरात बोलणं असतं ते असंच, बिनआवाजाचं.

मग मी दर शुक्रवारी टेमघरला जायला लागले. भांडायला! निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

"रॉक रेडिओ हळू वाजवायचा नसतो, मॅडम."

"का? डॉक्टरने सांगितलंय?"

"माझे पप्पा पण लूमवर होते," तो म्हणाला. "घरात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. एकदा कुणाच्या तरी मोबाईलवर गिटार ऐकली... लूमपेक्षा मोठी. वाटलं, चला, कुणीतरी आपल्या बाजूने ओरडतंय."

त्यानंतर मला नीट भांडताच आलं नाही.

दिवाळीपर्यंत त्याच्या शोमधले ड्रम गेले. मग गिटार गेली, बासरी आली. तो म्हणायचा, "पोरकटपणा होता यार तो. ओरडणं म्हणजे काय बोलणं असतं?" त्याच गोड आवाजात तो मानकोलीच्या गोदामांच्या जाहिराती वाचायचा. आणि मी? मी घरी हेडफोन लावून त्याचे जुने शो ऐकत होते. मला त्या गोंगाटाचं वेड लागलं होतं. सगळा उलटा कारभार.

"तुझा तो दुश्मन परत आण ना," एकदा मी म्हटलं.

"तो गेला. तूच घालवलास." तो हसला. मला हसू आलं नाही.

मग एक दिवस त्याला पुण्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका रॉक स्टेशनने त्याचे जुने शो ऐकले होते.

"'नाही' म्हणून कळवतो," तो म्हणाला. "आता मला ते पटतच नाही." पण बोलताना त्याची बोटं टेबलावर ड्रम वाजवत होती. त्याला पत्ताही नव्हता.

"जा ना."

"तू येतेस?"

"आणि बाबा? ओठांनी बोलणारी माणसं फक्त आमच्या गल्लीत आहेत, सार्थक. पुण्यात ते मुके होतील."

 

शेवटी उत्तर कळवायचा शुक्रवार आला. तो स्टुडिओत, मी काचेच्या बाहेर. त्याने गाणं लावलं, हेडफोन काढले आणि काचेजवळ येऊन ओठ हलवले. आवाज काही येणार नव्हता.

*थांब म्हण. एकदाच. मी थांबतो.*

अक्षर अन् अक्षर कळलं मला. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आजही आहे. 'थांब' अगदी ओठांवर आलं होतं... पण बाहेरच्या छोट्या स्पीकरवर त्याने लावलेलं गाणं वाजत होतं. गिटारचं, जुन्या दिवसांतलं. काचेपलीकडे त्याची मान त्या तालावर हलत होती. इतक्या महिन्यांनी.

मी कानाला हात लावला, मान हलवली. 'कळलं नाही.'

लूमवाल्याच्या पोरीला ओठ कळले नाहीत, यावर भिवंडीत कुणी विश्वास ठेवेल? त्यानेही ठेवला नाही.  मग मान डोलावली, हेडफोन चढवले आणि आवाज वाढवला. त्या गोंगाटात मला पोटभर रडता आलं.

आता शुक्रवारी लूम बंद असले की मी मोबाईलवर पुण्याचं स्टेशन लावते, टेबलावरच्या स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून. परवा बाबा जेवता जेवता थांबले. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला, थरथर जोखली आणि ओठांनी विचारलं,

"आज सुट्टीचा लूम कुणाचा चालू हाय गं?"

"माझ्या माणसाचा," मी आवाज न करता म्हणाले.

बाबांनी ते वाचलं. पुढे काही विचारलं नाही, पण हातही उचलला नाही.