होय म्हाराजा

दारू सुटावी म्हणून दारूचाच मान द्यायचा, हे शहाणपण आमच्या मिठबावातच सुचू शकतं. मी कणकवलीला व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. माणूस का पितो, एकटेपणा, शरम, सवय, हे दिवसभर सांगून माझा घसा बसतो. इथे माझाच भाऊ सिद्धेश पितो आणि आई कलमबागेतल्या राखणदारापुढे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवापुढे, बाटली ठेवते. रजा काढून आले ती कपाळाला हात लावूनच बसले.

गाऱ्हाणं घालायला शेजारचे गंगारामकाका होते. “ह्या झिलाची तहान तू घे म्हाराजा. तुका नको झाली तर शेजाऱ्यांच्या वाटेक लावू नको, ह्याच घरात खंय तरी ठेव.”

असलं गाऱ्हाणं कोण घालतं? पण गाऱ्हाण्याला “होय म्हाराजा” असा रुकार द्यायला दुसरं कोणी नव्हतं. आई रडत होती, सिद्धेश झिंगलेला. एकदाचं आटपू दे म्हणून मीच म्हटलं.

दुसऱ्या सकाळी सिद्धेश चहा पिऊन कलमांना पाणी घालायला गेला. हात थरथरत नव्हते, घाम नव्हता, चिडचिड नव्हती. इतक्या वर्षांची दारू अशी सुटत नाही, उलट जिवावर बेतते. म्हणजे हा चोरून पितोय. आई मात्र राखणदार पावला म्हणून वाडीभर सांगत सुटली. मला संताप आला.

उठले ती सरळ पंपाच्या खोपीत गेले आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगात हात घातला. बाटली निघाली, जवळजवळ भरलेली.

सिद्धेशला बोलावून फैलावर घेतलं. तो बाटलीकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला.

“ही जुनी. पण ती थंय आसा ता कोणाकच ठावक नाय, ताये. तुका कशी गावली?”

सगळे पिणारे अशाच जागा शोधतात, मी सांगितलं. बराच वेळ सांगत होते. मग बाटली ओतायला बागेत नेली.

परत आले तेव्हा आईने विचारलं, ओतलीस ना. ओतली म्हटलं, माडाच्या आळ्यात.

आई जवळ आली, आणि तिने तोंड फिरवलं.

“एकच घोट,” मी म्हटलं. “कसली आसा ती बघूक. माका काय सवय नाय.”

सिद्धेशने माझ्यासमोर खुर्ची ओढली. आयुष्यात तो माझ्याशी मालवणीशिवाय बोलला नव्हता.

“बसा,” तो म्हणाला. “घाई नाही. पहिल्यांदा कधी घेतलीत, ते सांगा.”

मला लगेच आठवलं. कुणकेश्वरच्या जत्रेत, पाळण्यांच्या मागे. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं.