तिसरं बोलावणं

"ट्रेडमिल घ्या खाला. सगळ्या बायका ट्रेडमिलच घेतात," रुबा म्हणाली.

बहीजाने त्या सरकत्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यावर एक भरदार बाई हातात फोन धरून चालत होती. भाजी आणायला निघालीय आणि बाजार काही केल्या येत नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

"ही पोचणार कुठे?"

"कुठेच नाही."

"मग नको गं बाई. घरात बसूनही मी कुठेच पोचत नाही, तेही फुकटात."

रुबा खो खो हसली. अम्मानच्या सातव्या चौकाजवळच्या त्या व्यायामशाळेत सकाळची वेळ बायकांची. दाराचा पडदा ओढला की डोक्यावरचे रुमाल सुटत, आणि यंत्रांइतक्याच जोरात जिभाही चालत. रुबा तिथली शिकवणारी. दंड सुतारासारखे, पण मन मऊ. हिवाळ्यात छाती उघडून शस्त्रक्रिया झालेली, साठीला टेकलेली ही बाई तिच्या ताब्यात आली तेव्हा तिने आधी डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र कुठलंही निवडा, पण रोज करा. दम वाढला पाहिजे.

कुठलंही, हे डॉक्टरांना म्हणायला सोपं होतं. बहीजा सायकलवर बसली आणि उतरली. "आमच्या वेळी मुलींना सायकलवर बसू देत नव्हते. आता बसवतायत, तर ती जागची हलत नाही." वल्ही मारायचं यंत्र पाहून ती म्हणाली की या गावाला ना नदी ना समुद्र, मी जाऊ कुठे? क्रॉस ट्रेनरवर हातपाय पुढेमागे करताना आपण चालतोय की पोहतोय हेच तिला कळेना.

मग तिला कोपऱ्यातलं यंत्र दिसलं. एक छोटा जिना, आपल्यातच गोल फिरणारा. पायऱ्या वरून खाली येत आणि पायाखाली गडप होत. थांबलं की माणूस खाली यायचं.

"ते नाही हां," रुबा घाईने म्हणाली. "सगळ्यात अवघड ते. धडधाकट पोरी नाक मुरडून जातात."

"हेच," बहीजा म्हणाली.

त्याला कारण होतं. बहीजाचं घर जौफा टेकडीवर, दगडी पायऱ्यांच्या एका लांबलचक वाटेच्या टोकाला. तिथे गाडी जात नाही. शस्त्रक्रियेनंतर ती धाकट्या बहिणीकडे, विदादकडे, लिफ्टच्या इमारतीत राहत होती. विदाद जीव लावायची, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे ठेवलंय हे विचारावं लागे, आणि ते विचारताना बहीजाला रोज थोडं रडू येई. तिचा मुलगा नायफ कुवेतला. त्याचं म्हणणं होतं, घर विकून टाकू. पायऱ्यांवर काही झालं तर तुला खाली आणायला माणसं कुठून आणायची? फोनवर दोघांचं वाजलं. शेवटी तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता. बकरी ईदला येशील तेव्हा कुणाचाही हात न धरता मी दारापर्यंत चढून दाखवीन. चढले, तर घर राहील. नाही चढले, तर सांगशील तिथे सही करीन.

आणि ईद काही फार लांब नव्हती.

पहिले काही दिवस तिचा जीव मेटाकुटीला आला. जरा चढलं की छातीत भाता, पायांत गोळे. रुबा शेजारी उभी राहून "बास खाला, बास" करायची. मग बहीजाने एक युक्ती काढली. समोरच्या भिंतीवरचा आरसा बघायचाच नाही, डोळे मिटून आपल्या वाटेवरून चढायचं. आधी बेकरीची गरम भिंत. मग म्हाताऱ्या हाज्जा फिद्दाचं निळं दार, जिथे सगळी टेकडी टेकते. त्यानंतर अंजिराचं झाड, मग वळण, मग चुना दिलेल्या भिंतीला धरून शेवटची चढण, आणि आपलं दार. बहीजाने सगळा जन्म मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. जिन्नांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरींना तिने वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हा यात तिला वेगळं काही वाटलं नाही. मन गुंतलं की दम पुरतो, एवढाच त्यातला हिशेब.

निळ्या दारापर्यंत ती पोचू लागली. काही दिवसांनी अंजिरापर्यंत.

तिथे ती ठेचकाळली.

अंजिराजवळची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. मुळांनी दगड उचलला, मग पालिकेने वर सिमेंट ओतलं, आणि तेव्हापासून नवा माणूस तिथे हमखास अडखळतो. टेकडीवरचा माणूस मात्र आपोआप पाऊल आखडतं घेतो. बहीजाने आखडतं घेतलं, पण यंत्राची पायरी इतरांएवढीच उंच होती, म्हणून पाय अडकला. निदान तिने स्वतःला असं समजावलं. पायाची सवय, दुसरं काय. विचित्र एवढंच होतं, की पाय पायरीच्या कडेला आपटला नव्हता. तो टेकलाच होता. बुटक्या पायरीवर टेकावा तसा, नीट; तोल गेला तो त्यानंतर. आणि त्या घामाच्या, रबराच्या वासात अंजिराच्या तुटलेल्या पानाचा हिरवा, कडवट वास आला होता.

"काय झालं खाला?"

"काही नाही. कुणी अंजीर आणलेत का गं?"

"इथे? उकडलेल्या अंड्याशिवाय कुणी काही आणत नाही इथे."

त्यानंतर मागची पावलं ऐकू येऊ लागली.

आधी तिला वाटलं, यंत्रच कुठेतरी खडखडतंय. पण यंत्राचा आवाज एकसारखा असतो. हा आवाज तिच्या पावलाबरोबर यायचा, किंचित उशिरा. टाचेवर आपटणाऱ्या चपलांचा. आणि बुटांशिवाय रुबा कुणाला आत पाऊल टाकू देत नसे. बहीजाने डोळे उघडून आरशात पाहिलं. लाल चेहऱ्याची ती स्वतः आणि मागे रिकामी भिंत. डोळे मिटले की परत चटक, चटक.

तरी ती उतरली नाही. उतरली असती तर घर गेलं असतं.

टेकडीवर एक रीत आहे. मागून कुणी चढत असेल तर आपण भिंतीकडे सरायचं आणि त्याला वाट द्यायची. बहीजा उजव्या कठड्याला सरकली आणि हळूच म्हणाली, "जा पुढे." पावलं थांबली. पुढे मात्र कुणी गेलं नाही. ती चढत राहिली तशी पावलंही परत चढू लागली, घाई न करता, तिच्या दमाने.

त्या दिवशी ती मिटल्या डोळ्यांनी पहिल्यांदा आपल्या दाराशी पोचली. आनंदाने तिचे डोळे भरून आले. आणि दाराशी पोचलं की आयुष्यभर जे तोंडातून निघत आलं होतं ते निघून गेलं. "या ना, कॉफी घेऊन जा."

असं म्हणायचंच असतं. जौफ्यावर आपल्या दारावरून जाणाऱ्या अनोळख्यालाही म्हणतात. तोही "देव बरं करो" म्हणून चालू लागतो. एकदा म्हटलेलं कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तर माणूस घुटमळतो, छातीवर हात ठेवून नको म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं की मात्र नाही म्हणता येत नाही, आणि म्हणणाऱ्याला शब्द मागेही घेता येत नाही.

"कुणाशी बोलताय?" रुबाने विचारलं. आज ती हसत नव्हती.

"म्हातारी माणसं बडबडतात गं. तू लक्ष देऊ नकोस."

ईदच्या आदल्या आठवड्यात नायफ आला. येताना घराचं गिऱ्हाईकही बघून आला होता. "नुसतं विचारून ठेवलंय यम्मा," तो म्हणाला. बहीजा रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी उपाशीपोटीच व्यायामशाळेत गेली. रागात माणूस दम विसरतो. ती अंजिराच्या पुढे भराभर चढली, वळणावर छातीत कळ आली, डोळ्यांपुढे काळोख झाला आणि हात कठड्यावरून सुटला. रुबा पार दुसऱ्या टोकाला होती. आपण मागे पडतोय हे बहीजाला स्पष्ट कळलं.

पाठीवर एक तळवा टेकला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध. रुंद, कोरडा, उबदार. त्याने ढकललं नाही. नुसता टेकून राहिला, चालायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीशी हात ठेवतात तसा. कळ ओसरली. श्वास परत आला. तळवा तिथेच होता. त्याच्या आधाराने ती एकेक पायरी चढत दारापर्यंत गेली, आणि तिला इतकं भरून आलं की भीती वाटायचं राहूनच गेलं.

"या ना हो आत," ती पुटपुटली. "कॉफी तरी घ्या."

मागे कापडाची सळसळ झाली. कुणीतरी छातीवर हात ठेवावा तशी.

मग तिच्या लक्षात आलं, आपण दोनदा म्हटलं. तिने जीभ चावली आणि यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं.

रुबा धावत आली. तिने पाणी दिलं, नाडी पाहिली, उपाशी आल्याबद्दल चार शब्द सुनावले. मग तिची पाठ झटकत म्हणाली, "हे पांढरं काय लागलंय? पीठ?"

बहीजाने बोटाने पुसून पाहिलं. चुना होता.

ईदच्या दिवशी नमाजानंतर मायलेक बेकरीपाशी उभे राहिले. नायफने हात पुढे केला, तिने तो झटकला. "मागून ये. आणि पडलास तर मी उचलणार नाही."

गार वारं होतं, सगळ्या दारांतून वेलदोड्याचा वास येत होता. ती सावकाश चढली. दम पुरत होता. पाय वाट ओळखत होते. निळ्या दारात हाज्जा फिद्दा बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण टेकडीवरचा प्रत्येक माणूस तिला पावलावरून कळायचा.

"ईद मुबारक, उम्म नायफ," टेकडीच्या रीतीप्रमाणे तिने 'नायफची आई' म्हणून हाक मारली. "आज मागे कोण गं? पावलं वेगळी आहेत."

"माझा नायफ, हाज्जा."

"अगं हो? मोठ्ठा झाला. धापा टाकतोय मेला." ती बोळकं पसरून हसली. "मग रोजचं माणूस आज नाही का?"

बहीजा थांबली. "रोजचं कोण?"

"आता मला विचारतेस? रोज सकाळी चढतेस तू, आणि तुझ्यामागे ते चपलावालं. सुरुवातीला तर माझ्या दारापर्यंतच यायचीस. मी हाक मारायची, तू ओ द्यायची नाहीस. म्हटलं, दम राखतेय, राखू दे." तिने चाचपडत बहीजाचा हात धरला. "मला बरं वाटायचं गं ऐकून. म्हटलं, पोर एकटी नाहीये."

नायफने आईला डोक्याजवळ बोट फिरवून खूण केली, म्हातारीचं हे असं. बहीजाने हाज्जाचा सुरकुतलेला हात ओठांना लावला आणि ती पुढे निघाली. अंगावर काटा उभा होता, आणि गंमत म्हणजे पाय आधीपेक्षा हलके झाले होते. अंजिराजवळ तिने पाऊल आखडतं घेतलं. मागे नायफ ठेचकाळला.

दाराशी ती उभी राहिली तेव्हा तिला जेमतेम धाप लागली होती. नायफ मात्र गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. "राहिलं घर," तो कसाबसा म्हणाला. "तू जिंकलीस यम्मा. फक्त फोन सतत जवळ ठेव. आणि मला पाणी दे."

बहीजाला हसू फुटलं आणि रडूही. कुणाचाही हात न धरता, अशी अट होती. हात तिने धरला नव्हता. पाठीला लागलेल्या हाताबद्दल अटीत काही नव्हतं.

घर धुळीने भरलं होतं. सगळं जिथल्या तिथे. नायफने खिडक्या उघडल्या आणि आतल्या खोलीत गादीवर अंग टाकलं. ईदचं दार उघडंच ठेवतात, तसं ते उघडं होतं. बहीजाने कुणालाही न विचारता डबा काढला, कॉफी चढवली. दोन कप धुतले.

बाहेर पायऱ्यांवर चटक, चटक आवाज आला. सावकाश, वळणापासून वर. दारापाशी येऊन थांबला. जरा बाजूला, आतल्या बायकांवर नजर पडू नये म्हणून चांगल्या घरचा पाहुणा थांबतो तसा. चौकटीत नुसतं ऊन होतं.

तिला ठाऊक होतं. गप्प राहिलं, तर तो आवाज आल्या वाटेने उतरून जाईल आणि परत कधी येणार नाही.

कॉफी वर आली. तिने आच कमी केली आणि मांडणीवरून तिसरा कप काढला.

"या ना," ती उघड्या दाराकडे बघत म्हणाली. "आत या."

"कोण आलंय यम्मा?" आतून नायफने विचारलं.

उंबऱ्याबाहेर चपला काढल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरी.