कापशाची जोडपावलं

डोळे मीट बरं. सकाळचं धुकं केळीच्या बागेत उतरलंय. पानांवरून थेंब टपटपताहेत, आणि त्या धुक्यातून एक पांढरा कुत्रा तुझ्याकडे येतोय. झोपेत पोहावं तसा, डुलत डुलत. दिसला? तो कापशा. आता डोळे उघड, कारण कापशाला कोणीतरी मारतंय आणि कोण ते आपल्याला शोधायचंय.

निदान चोपड्याजवळच्या त्या मळ्यात सगळ्यांना तसं वाटत होतं. सगळ्यांना म्हणजे दहा वर्षांच्या मयुरीला सोडून.

कापशा आठ महिन्यांचा. गेला महिनाभर तो रोज सकाळी मागच्या पायांनी लंगडत उठायचा. रात्री मळ्यात राखणीला एकटा वना. म्हणून मयुरीच्या आजोबांनी, तोतारामनानांनी, त्याला सांगून टाकलं होतं, "आज संध्याकाळच्या एसटीनं गावी जा. परत येऊ नको." वनाचं गाठोडं ओसरीच्या खांबाशी बांधून तयार होतं.

मयुरीनं आदल्या दिवशी गुपचूप धुळ्याला फोन लावला होता. तिची सुलक्षणामावशी तिथे खासगी तपासाचं काम करायची. धुकं विरायच्या आत मावशीची गाडी आली. चालवत होता भूषण, तिचा मदतनीस. उंच, भला, आणि विचार करताना तोंड उघडं ठेवणारा.

"केस सोपी आहे," तो उतरता उतरता म्हणाला. "राखणदारानं मारलं."

"तू अजून कुत्रा पाहिला नाहीस."

"गाठोडं पाहिलं ना!"

मावशी हसली. "मयुरी, कापशाला धुळ्याच्या पिल्लं विकणाऱ्या शालिग्रामकडून आणलं ना? काल त्याच्याकडे डोकावले. कापशाचा एक भाऊ अजून तिथेच आहे. तोही मागच्या पायांनी लंगडतो. शालिग्राम म्हणतो, उडी मारताना मुरगळला."

"अरेरे," भूषण म्हणाला. मावशीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मयुरीची आजी, शेवंताअक्का, चुलीपुढे भाकरी थापत होती.

"मी या डोळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली. "उजाडताना वना कापशावर ओणवा झालेला. त्याचा मागचा पाय ओढत होता. कुत्रं कळवळलं. मी ओरडले तर हातातलं काहीतरी लपवून पळाला."

"कापशाला खायला कोण देतं, अक्का?"

"मीच. दूधभाकरी, वर तूप. वाढीचं लेकरू आहे. केळी नाही हं देत. फार तर दोन."

"मी एखादं देतो," ओसरीतल्या झोपाळ्यावरून नाना म्हणाले. घड कापणारे मजूरही एखादंच द्यायचे. मयुरीनं हळूच मान खाली घातली.

नानांना विचारायला भूषण ओसरीवर चढला आणि सर्रकन घसरून बसला. मजूर खो खो हसले.

"सांभाळून! दिवाळीला नवी फरशी बसवलीय," नाना अभिमानानं म्हणाले. "आरसाच जणू." मग त्यांचा आवाज कडक झाला. "हे बघ सुलक्षणा, मागच्या वर्षी बैल लंगडा झाला, तो मी विकला. लंगडं जनावर या मळ्यात राहत नाही. कुत्रं बरं झालं नाही तर तेही जाईल."

वनाकाका तर चाललेच होते, आता कापशाही?

वना पंपाच्या खोलीजवळ बसला होता.

"मी नही मारं, ताई."

"मग पाय का ओढत होतास?"

वनानं दूर झोपाळ्याकडे पाहिलं. कापशा डुलत आला, त्यानं वनाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

मावशीनं कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला. जखम नाही, सूज नाही. खांदे रुंद, मागच्या मांड्या मात्र बारीक. पांढऱ्या केसांत बारदानाचे धागे अडकलेले. तिनं त्याच्या कमरेचा वास घेतला. "तिळाचं तेल."

ठिबकच्या नळीजवळच्या ओल्या मातीत कापशाची पावलं उमटली होती. पुढची एकामागे एक. मागची दोन मात्र प्रत्येक वेळी जोडीनं, शेजारी शेजारी.

"ससा गेला वाटतं," भूषण म्हणाला.

"शाब्बास! आज पहिल्यांदा काहीतरी दिसलं तुला. मयुरी, हा दिवसभर लंगडतो?"

"नाही. चालून चालून दुपारपर्यंत सुधारतो. सकाळी पुन्हा तेच."

घड मोजायच्या वजनकाट्यावर भूषणनं कापशाला कसाबसा चढवला. अडतीस किलो! घड कापणारेही अचंबित झाले.

दुपारी जळगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कापशाला भूल देऊन एक्स-रे काढला. परतताना तो मयुरीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. पुलाखाली तापी इतकी संथ होती, की पाणी वाहतंय की आपण, हे तिला कळेना.

संध्याकाळी मावशीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि एक्स-रे मावळत्या उजेडासमोर धरला. कापशाची हाडं चांदण्यासारखी उजळली.

"कापशाला कोणी मारलेलं नाही," ती म्हणाली.

भूषणचं तोंड उघडं राहिलं.

"माराचं दुखणं रोज दुपारी कमी होऊन रोज सकाळी परतत नाही. हा खुब्याचा सांधा पडून राहिल्यावर आखडतो आणि चालल्यावर मोकळा होतो. एकेका पायावर भार सोसवत नाही, म्हणून कापशा मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. म्हणून सशासारखी जोडपावलं. भार पुढे टाकतो, म्हणून खांदे रुंद आणि मांड्या बारीक. आणि धुळ्यातला भाऊ? वना रोज रात्री धुळ्याला जाऊन त्यालाही मारून येतो का रे, भूषण?"

तिनं अक्काकडून एक वाटी, एक उथळ ताटली आणि एक लिंबू मागवलं. वाटीत लिंबू नीट बसलं. ताटलीत ते घरंगळलं.

"खुब्यात मांडीच्या हाडाचं गोल टोक असं वाटीत बसायला हवं. कापशाची वाटी ताटलीसारखी उथळ आहे. ही खोट आईबापांकडून येते, मग ते दिसायला कितीही धडधाकट असोत. म्हणून पिल्लं होऊ देण्याआधी दोघांच्याही खुब्यांचे एक्स-रे काढायचे. शालिग्रामनं ते काढले नाहीत. आता त्या जोडीची पिल्लं पुरे, असं त्याला सांगणार आहे."

"म्हणजे आमचा काही दोष नाही," अक्का सुटकेनं म्हणाली.

"आहे थोडा. प्रत्येकाचं एखादं केळं मिळून अडतीस किलो झाले. आणि या आरशावर भूषण घसरतो, तर कापशाचं काय होत असेल?"

"मग वनानं लपवलं काय?" नानांनी विचारलं.

"तेलाची बाटली. तो पाय ओढत नव्हता, चोळत होता. कापशाच्या खाली बारदानही तोच अंथरायचा."

"मग बोलला का नाही?"

वनानं मान वर केली. "नानास्नी लंगडा बैल इकी टाका ना, ताई. मी बोलनू ते कापशा बी जाई."

झोपाळ्याची कुरकुर थांबली.

"बरा होईल का?" नानांनी हळू विचारलं.

"वाटी खोल होणार नाही. वजन उतरवा, घसरू देऊ नका, रोज थोडं थोडं चालवा, डॉक्टरांचं औषध द्या. पुढे लागलीच तर शस्त्रक्रिया असते. मजेत जगेल. पण थोडा लंगडेल."

लांब रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. वना गाठोड्याकडे वळला.

मयुरी उठली. कोपऱ्यातली बारदानं तिनं ओढत आणली आणि चकचकीत फरशीवर एकापुढे एक अंथरत गेली. शेवटचं झोपाळ्याखाली सारायचं होतं. ती नानांकडे बघत थांबली. नानांनी दोन्ही पाय वर उचलले.

तिनं बारदान नीट सारलं. मग खांबाशी जाऊन वनाकाकांचं गाठोडं सोडलं, आतली तेलाची बाटली काढली आणि चुलीच्या कडेला कोमट व्हायला ठेवली.