नुसतं बघायला

पितृपक्षात गाड्यांच्या शोरूममध्ये माशीसुद्धा फिरकत नाही, आणि फिरकलीच तर बुकिंग करत नाही. मोशीच्या हायवेवरच्या त्या शोरूममध्ये भाद्रपदातल्या त्या दुपारी अगदी तसंच चाललं होतं. बाहेर भुरभुर पाऊस, आत धुऊन-पुसून ठेवलेल्या टोलेजंग एसयूव्ही, आणि त्या विकणारी मंडळी जांभया देत बसलेली. निशिगंधाने तर टेबलाखाली सँडलसुद्धा काढून ठेवले होते. तेवढ्यात काचेचं दार ढकलून तो आत आला... केसांतून पाणी निथळतंय, खांद्याला बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

‘आडोशाला आला असेल बिचारा,’ असं मनाशी म्हणत तिने पायानेच सँडल चाचपले.

पण तो सरळ सगळ्यांत मोठ्या गाडीकडे गेला. मागचं दार उघडलं, मधली सीट दुमडली आणि कमरेत वाकून, गुडघे पोटाशी घेऊन, पार शेवटच्या रांगेत जाऊन बसला. निशिगंधा चार वर्षं गाड्या विकत होती. असं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

“सर,” ती हसू दाबत म्हणाली, “लोक आधी स्टिअरिंग धरून बघतात.”

“पुढे बसणाऱ्याची कधीच तक्रार नसते हो. भांडणं मागून सुरू होतात,” तो आतूनच म्हणाला. “आणि आमच्याकडे माणसं जास्त आहेत.”

“किती?”

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “आई, अण्णा, दादा, वहिनी, दीक्षा, म्हणजे माझी पुतणी... आणि वहिनीला आता जुळं होणार आहे. झाले सात.”

“आणि तुम्ही?”

त्याचं बोट हवेतच राहिलं. “अरेच्चा! मी... मी राहिलोच की!”

निशिगंधाला हसू आवरेना. नोकरीत हसण्याचा पगार मिळतो, ते हसू वेगळं. हे फुकटचं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी आलेलं होतं.

त्याचं नाव समर्थ. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता, आणि घर मोशी गावठाणातलं जुनं, माणसं वाढतील तसा मजला चढवत नेलेलं. “गाडी घ्यायचीय, पण घट बसल्यावर,” तो म्हणाला. “आई पितृपक्षात काहीच ठरवू देत नाही. नुसतं बघायला हरकत नाही म्हणते.”

“मग बघा ना! बघायला कोण अडवतंय?” ती म्हणून गेली. त्याने मान वर करून पाहिलं – आणि गाडीकडे नाही पाहिलं. तिने उगाचच जवळच्या बॉनेटवरून फडकं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर स्वारी पुन्हा हजर. स्टेपनी कुठे असते ते बघायचं होतं म्हणे! मग एकदा मागच्या सीटला एसीचा वारा पोचतो का, ते बघायला आला. मग एकदा, सगळे बसल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या, हा गहन प्रश्न घेऊन आला. शेजारच्या टेबलावरचा प्रज्वल तो दिसला की कुजबुजायचा, “मॅडम, घरचे सात आणि स्वतः अर्धे, तुमचे साडेसात आले!” ती डोळे वटारायची. पण चारच्या सुमाराला तिचं लक्ष दाराकडे जायला लागलं होतं, हे तिला स्वतःलाही कळत होतं.

चौथ्या खेपेला पाऊस जोरात होता. दोघं त्या गाडीच्या मधल्या सीटवर दोन टोकांना बसली, हातात मशीनचा पाणचट चहा.

“घरात वाद पेटलाय,” समर्थ सांगत होता. “दादाला मधे दोन सुट्या, ऐटबाज खुर्च्या हव्यात. आईला ही अशी सलग सीट हवी. ती म्हणते, सलग सीटवरचा माणूस सरकून जागा करतो. खुर्चीवर बसलेला कुणासाठी सरकत नाही.”

“तुमच्या आईंना इथे सेल्सला घेऊ या.”

“नको. सगळ्यांना घरीच घेऊन येईल ती.” तो हसला, मग जरा गंभीर झाला. “म्हणून तर माझं जमत नाही कुठे. दोन ठिकाणी मुलगी बघायला गेलो. घरात कोण कोण, असं विचारलं की मी सांगायला लागतो... पहिला मजला संपेपर्यंत समोरच्यांचे चेहरे उतरलेले.”

“माझं बरोब्बर उलटं,” निशिगंधा काचेवरच्या ओघळांकडे बघत म्हणाली. “आमच्या घरात आम्ही दोघीच. बाबा गेल्यावर आईनं ब्लाउज शिवून मला शिकवलं. मी एकच अट घालते... लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील. तेवढं ऐकलं की पाहुण्यांना लगेच बस गाठायची असते.”

ती हे हसत बोलली, पण बोलून झाल्यावर श्वास रोखून बसली. आता हा काय म्हणतो?

कपाळाला आठी घालून समर्थ गाडीच्या छताकडे बघत राहिला. चहा संपवला, उठला, दार उघडलं... “पितृपक्ष संपू दे. मग बोलू,” एवढंच म्हणाला आणि गेला.

गाडीबद्दलच म्हणाला असणार. निशिगंधाने दोन्ही कप उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मनातल्या मनात त्यालाही टाकलं. अर्थात तो काही तिथे राहिला नाही.

मंगळवारी तिची सुट्टी. पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत ती न्हाऊन बाहेर आली, तर आई, सावित्रीबाई, शिलाई मशीनपाशी तिचा मोबाइल छातीशी धरून बसलेली. चेहरा असा, की रागावलीय का हरखलीय, ते सांगता येऊ नये.

“कुण्या कस्तुराबाईचा फोन होता,” आई म्हणाली. “म्हणल्या, ‘आमी उद्या समदी बघाया येतो. आमच्या समर्थनं चारदा बघितली, लई मनात भरलीया त्याच्या.’ मी म्हणलं, बाई, पितरांच्या दिवसांत? तर म्हणल्या, ‘निस्तं बघाया काय व्हतंय? रंगाचं आमचं काय न्हाई, काळी असली तरी चालंल. दणकट पायजे, घरात मानसं लई हायेत. आन् पिती किती, तेवढं मातुर खरं सांगा!’ असा राग आला मला! म्हणलं, माझी लेक चहाशिवाय कशाला शिवत नाही!”

निशिगंधाने टॉवेल तोंडात कोंबला. तरी हसू फुटलंच. ती पलंगावर आडवी झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समर्थला दिलेल्या शोरूमच्या कार्डावरून नंबर घेऊन, गाडी बघायला येणाऱ्या बाईने गाडीचं डिझेल विचारलं, आणि आईने लेकीच्या अब्रूसाठी भांडण मांडलं होतं!

“हसतीस काय?” आई म्हणाली. “मी बी आडपडदा ठेवला नाही. म्हणलं, पोरीसंगं मी येणार. चालत असंल तरच या. तर त्या म्हणल्या...” आईचा आवाज एकदम मऊ झाला. “म्हणल्या, ‘या की! त्यात इच्यारायचं काय?’ कुणी असं म्हणलं नव्हतं गं आजवर.”

निशिगंधाचं हसू जागच्या जागी थांबलं. आता सांगणं भाग होतं. तिने आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं... की ती माणसं गाडी बघायला येणार आहेत.

आईने हात सोडवून मोबाइल मशीनवर ठेवला. “म्हणजे ‘या की’ बी गाडीसाठीच?” मग तिने अर्धवट राहिलेला ब्लाउज पुढे ओढला. “तरीच. इतक्या लवकर कोण ‘या’ म्हणतंय.”

निशिगंधाला समर्थचा राग आला, कस्तुराबाईंचा आला आणि स्वतःचा सगळ्यांत जास्त आला.

दुसऱ्या दिवशी आई हट्टाने तिच्याबरोबर शोरूमला आली. त्या बाईला फोनवर वाटेल ते बोलले, माफी मागायलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली. दुपारी दोन रिक्षा करून अख्खं घर आलं. पुढे ठेंगण्याठुसक्या कस्तुराबाई, मागे काठी टेकत अण्णा म्हणजे उद्धवराव, थोरला सयाजी, अवघडलेली त्याची बायको विजयश्री, तिचं बोट धरलेली दीक्षा... आणि सगळ्यांच्या मागे समर्थ, नेहमीच्या कंपनीच्या शर्टाऐवजी इस्त्रीच्या आकाशी शर्टात. निशिगंधाने त्याच्याकडे न बघता सगळ्यांना पाणी दिलं.

सावित्रीबाईंनी उठून हात जोडले आणि झाला घोटाळा सांगून टाकला.

“अगं बया!” कस्तुराबाई पोट धरून खालीच बसल्या. “म्हंजी म्या तुमच्या लेकीला ‘पिती किती’ म्हणून इच्यारलं?” सयाजी हसला, विजयश्री पोटाला हात लावून हसली, अण्णांची काठी हलायला लागली. प्रज्वलने तर टेबलाखाली तोंड लपवलं.

हसता हसता कस्तुराबाईंची नजर धाकट्याकडे गेली. त्याचे कान लालभडक झाले होते. मग नजर निशिगंधाकडे वळली. ती गाडीच्या टायरकडे असं बघत होती, जणू टायर आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.

“समर्था,” कस्तुराबाई सावकाश म्हणाल्या, “चार येळा तू हितं काय बघाया येत व्हतास रं?”

“गाडी...”

“आई, मी गाडीचा रंग विचारला, तर भाऊजींना सांगता आला नाही,” विजयश्रीने हळूच काडी टाकली.

सावित्रीबाई पुरत्या गोंधळल्या. “बाई, ते फोनवरचं मनावर घेऊ नका. पोरीसंगं मी येणार, असं मी काहीबाही...”

“का वो? म्या ‘या’ म्हणलं न्हवं?”

“ते तुम्ही गाडीसाठी म्हणला होता.”

“तवा गाडीसाठी म्हणलं. आता घरासाठी म्हणती.” कस्तुराबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. “चला, विहीणबाई. आधी गाडीत बसा.”

विहीणबाई! निशिगंधाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

अण्णा खाकरले. “अगं, पितृपक्ष हाय. असलं काय बोलू न्हाई.”

“का? पितरं काय वैरी हायेत? आपलीच मानसं ती. ह्या दिसांत घरला येत्यात.” कस्तुराबाईंनी सावित्रीबाईंकडे पाहिलं. “ह्यांचं मालकबी आलं असतील की. लेकीचं काय चाललंय, त्यांनाबी कळू द्या.”

सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा गेल्यापासून लेकीच्या लग्नाच्या कुठल्याच बोलण्यात त्याला कुणी धरलं नव्हतं. त्या रडत रडत हसल्या, आणि निशिगंधालाही समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं.

मग गाडी फिरवून बघायची टूम निघाली. प्रज्वल चालवायला बसला, शेजारी अण्णा. मधल्या सलग सीटवर विजयश्री, कस्तुराबाई आणि खिडकीशी सावित्रीबाई. पार मागे सयाजी आणि दीक्षा. दारं लागली, गाडी भरली आणि हायवेच्या दिशेने वळलीसुद्धा. फाटकाशी, भुरभुर पावसात, दोघंच मागे राहिली.

“आईनं तुम्हाला विचारलंच नाही,” समर्थ म्हणाला. “माफ करा. ती अशीच आहे. तुमचा नकार असेल तर मी घरी सांगेन... नीट सांगेन.”

“नकार तुमचा होता,” निशिगंधा म्हणाली. “मी आईचं सांगितलं, आणि तुम्ही छताकडे बघत बसलात. मग उठून गेलात.”

“छताकडे?” तो गोंधळला, आणि मग त्याने कपाळावर हात मारला. “अहो, मी खोलीचा विचार करत होतो! आमच्या खालच्या मजल्यावर माझीच खोली तेवढी कोरडी आहे. वर जिना चढायचा म्हणजे तुमच्या आईंना त्रास होणार. मग... मी माझी कॉट गच्चीवरच्या खोलीत नेली. परवाच. घरी सांगितलं, खाली उकडतं.”

“पावसाळ्यात?”

“दुसरं काही सुचलं नाही.” तो थांबला. “पण वरच्या खोलीला पत्रा आहे. पावसाचा आवाज फार होतो. आणि सकाळी आंघोळीला रांग लागते. आणि एकांत वगैरे... आमच्याकडे तो सणासुदीलाच मिळतो. सगळं आधीच सांगतोय. निशिगंधा... तुला चालेल?”

‘तुला’ म्हणाला आणि स्वतःच दचकला.

तिच्या आईसाठी या माणसाने कुणाला न सांगता स्वतःची खोली रिकामी केली होती. आणि तीही, तिने हो म्हणण्याच्या आधीच.

“मला तू आवडतोस, समर्थ,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता सेल्सचं काही उरलं नव्हतं. “पहिल्या दिवशी तू स्वतःला मोजायला विसरलास ना, तेव्हापासून. आणि रांगेत मी उभी राहीन. पण तुझ्या पुढे.”

समर्थचे कान पुन्हा लालभडक झाले. सिग्नलला अडकलेली गाडी आता वळून आळंदीच्या रस्त्याला लागलेली दिसत होती. मागच्या काचेतून दीक्षा दोन्ही हात हलवत होती.

“ही मंडळी टेस्ट ड्राइव्हला निघालीत, का इंद्रायणीवर फिरायला?” निशिगंधा म्हणाली आणि तिने आपली स्कूटर स्टँडवरून काढली. “चल, बस मागे. नाहीतर तुझी आई माझ्या आईला आजच घरी घेऊन जाईल.”

तो बसला. घाबरत घाबरत, मधे हातभर अंतर ठेवून, मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट पकडून. निशिगंधाने आरशात त्याचा तो संकोचलेला, भिजलेला, जिवाहून गोड चेहरा पाहिला. मग हात मागे नेऊन त्याचा एक हात दांडीवरून सोडवला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

“इथे धर,” ती म्हणाली. “रस्त्यात खड्डे फार आहेत.”