रोल संपवायचा फोटो

ही रात्रीची गोष्ट नाही.

आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, लाइट गेली होती का, अमावस्या होती का. नव्हती. गेल्या जानेवारीतली दुपार होती, महाडमधलं घर. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या गॅरेजात ट्रकचं चाक ठोकत होते.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते मुश्ताकचाचा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. खोटं बोलून त्यांना काही मिळायचं नाही.

त्यांनी सांगितलं तसं सांगतो. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलेलं आहे.

फ्रेम १
दोन मुलं, एक सायकल. फोटो डावीकडे कललेला.

मुश्ताकचाचांची उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये गेली. दोन वर्षांनी एकदा रजा. अशाच एका रजेत त्यांनी कॅमेरा आणला. बटण दाबलं की खट्. मग रोल आपोआप पुढे सरकायचा… खर्रर्र. आणि रोल संपला की कॅमेरा तो स्वतःच उलटा गुंडाळायचा. तो आवाज लांबलचक, कोणी कण्हल्यासारखा.

कॅमेरा एकदा त्यांच्या बायकोच्या, शरिफाचाचींच्या हातात गेला तो गेलाच. मुलांचे फोटो, शेळीचे फोटो, रजेवर आलेल्या नवऱ्याचे फोटो. सगळे डावीकडे कललेले.

"हलू नका हां! हललात तर फोटो बिघडंल!"

त्यांचा स्वतःचा फोटो काढायला कोणी कॅमेरा मागितला, तर एकच उत्तर. "माझा नको. रोल फुकट जाईल." पुढे मोबाइल आले, तरी तेच. मोबाइल वर केला की ओढणी तोंडावर.

चाचा कायमचे घरी आले आणि पुढच्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं. अल्बम, लग्नाचे फोटो, तो कॅमेरा… सगळ्याचा चिखल झाला.

त्यानंतरच्या वर्षी शरिफाचाची गेल्या.

फ्रेम १४
शेळी. मागे कुणाचा तरी हात.

चाचांची मुलगी अम्बरीन दोह्याला असते. तिचा फोन आला.

"अब्बा, पोरगी विचारते, नानी कशी दिसायची. काय दाखवू?"

"आधारकार्डावरचा हाय ना."

"तो अम्मीसारखा दिसतो का? तुम्हीच सांगा."

चाचांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

काय सांगणार? तो फोटो तिच्यासारखा आहे की नाही, हे ठरवायला तिचा चेहरा आठवायला हवा. आणि तो त्यांना आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा. कणीक लागलेली बोटं आठवायची. चेहऱ्याच्या जागी…

काही नाही.

हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले.

पुराचं पाणी छताच्या हातभर खाली थांबलं होतं. त्या हातभर जागेत, फळीवर, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात जुन्या निगेटिव्ह. एवढ्या रोलमध्ये एका तरी फोटोत ती असेल. आरशात. खिडकीच्या काचेत. कुठेतरी.

फ्रेम २२
अंबाडीची भाजी निवडणारी शेजारीण. डोकं कापलेलं.

बाजारात अनिलचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद पडला, पण निगेटिव्हचा स्कॅनर त्याने विकला नाही. तोच त्याने चाचांना कॉम्प्युटरसकट घरी वापरायला दिला.

"जपून हां मुश्ताकभाई. बायकोपेक्षा जास्त जीव आहे माझा यावर."

"वहिनींना सांगू का?"

"सांगा की. तिला माहिताय."

मग त्याने शिकवलं. निगेटिव्हची पट्टी पंपाने फुंकायची. मऊ कापडाने अलगद पुसायची. मग आत सरकवायची.

"एवढं करून धूळ राहिलीच, तर इथे टिक करा. मशीन धूळ ओळखतं आणि फोटोतून काढून टाकतं."

"चुकत नाय?"

"आजवर तरी नाही."

फ्रेम ३६
वेताची खुर्ची. अंगण. रिकामी.

पहिल्या रोलच्या शेवटी ही खुर्ची आली. चाचांना वाटलं, बटण चुकून दाबलं गेलं असेल.

दुसऱ्या रोलच्या शेवटी… तीच खुर्ची.

तिसऱ्याच्याही.

प्रत्येक रोलमध्ये मुलं मोठी होत होती, शेळ्या बदलत होत्या. शेवटी मात्र तीच खुर्ची. रिकामी.

त्यांनी अम्बरीनला फोन लावला. "अगो, ही खुर्ची काय सारखी सारखी?"



"अब्बा, ती तुमची खुर्ची. वीर स्टेशनवर तुम्हाला गाडीत बसवलं की अम्मी घरी येऊन रोल संपवायची. धुवायला द्यायचा असायचा ना. एक फोटो ती मुद्दाम राखून ठेवायची. आम्ही म्हणायचो, आम्ही बसतो. बसू द्यायची नाही. 'अब्बांची जागा हाय ती,' म्हणायची."

रोल संपवायला लोक तेव्हा काहीही काढायचे. मांजर, आभाळ, भिंत. ही बाई प्रत्येक वेळी नवरा गेल्याचा फोटो काढत होती.

चाचांनी त्या सगळ्या खुर्च्या स्क्रीनवर ओळीने लावल्या.

फ्रेम ३६, पुन्हा

शेवटचा रोल राहिला होता. डोळे भरून आले होते. पट्टी पुसायची राहिली. टिक करायचीही राहिली.

तशीच आत गेली.

स्क्रीनवर खुर्ची उमटली. आणि खुर्चीत…

करड्या धुरकट डागासारखं काहीतरी. डोक्यावरून ओढणी. मांडीवर जोडलेले हात.

कोणीतरी बसलं होतं.

चाचांनी टिक केली. पुन्हा स्कॅन. खुर्ची रिकामी.

टिक काढली.

बसलेली.

मशीनला ती धूळ वाटत होती.

"धूळ नाय ती," चाचा मोठ्याने म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

फक्त चेहरा तेवढा पुसट होता. जरासा साफ दिसला असता तर… आता मुलीला सांगता आलं असतं, सापडली. त्या घाईत हाताने अनिलने शिकवलेलं तेच केलं. पट्टी बाहेर काढली. पंपाने फुंकर मारली. मऊ कापडाने अलगद पुसली.

आत सरकवली.

खुर्ची रिकामी.

टिक नव्हती. तरी रिकामी.

त्यांनी पुन्हा पुन्हा स्कॅन केलं. नाही. कापड उजेडात धरलं. कापडावरही काही नाही.

एवढ्या वर्षांनी ती समोर येऊन बसली होती, आणि त्यांनी पुसून टाकली.

गॅरेजातली ठोकाठोक थांबली होती.

आणि पाठीमागून, अगदी जवळून…

खट्.

खर्रर्र.

फ्रेम ३७

छत्तीसच्या रोलमध्ये कधीकधी एखादा फोटो जास्तीचा निघायचा. माणसं खूश व्हायची.

पट्टी चाचांच्या हातात होती. स्कॅनर रिकामा होता. तरीही तो घरघरू लागला…

स्क्रीनवर एका माणसाची पाठ उमटली. चौकडीचा शर्ट. पुढे कॉम्प्युटर. हातात निगेटिव्हची पट्टी.

फोटो डावीकडे कललेला.

चाचा वळले नाहीत. मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढून अम्बरीनला पाठवला.

"कोणी काढला?" तिचा मेसेज आला.

मग दुसरा.

"अब्बा, हा तिरका का आहे?"



त्याच वेळी मी चहा घेऊन गेलो. दार उघडंच होतं. चाचा पाठमोरे, ताठ बसलेले. मान जराही हलत नव्हती. मी उंबऱ्यातूनच हाक मारली.

"चाचा?"

"बाजूला हो रे," ते न वळता, हळूच म्हणाले. "मधी येतोस."

मी मागे पाहिलं. रिकामं अंगण होतं. मी बाजूला झालो.

स्कॅनर अनिलला परत गेला. त्याने उघडून तपासला. काही बिघाड नाही. चाचा दुपारी अजूनही तसेच बसतात. दाराकडे पाठ करून, न हलता. चेहरा आठवला का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

आमची भिंत एकच आहे. पलीकडून कधीतरी ऐकू येतं. खट्. खर्रर्र.

मी त्या दुसऱ्या, लांबलचक, कण्हल्यासारख्या आवाजाची वाट बघतो. तो अजून आलेला नाही.

म्हणजे रोल अजून शिल्लक आहे…